दोरी तुटली म्हणून यंत्र मोडीत काढू नका

पाऊस उघडला की आपल्या भागात कामांची एकच गर्दी उडते. सोयाबीनची काढणी, भाताची कापणी, शाळूची पेरणी, तंबाखूची खुरपणी, सारे एकदम अंगावर येते. ह्याच दिवसांत २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन, जवळ आलेला असतो. चार महिन्यांच्या पावसाने कबरस्तानात गुडघाभर गवत माजते. विळे घेऊन दहा माणसे जमवणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. म्हणून चर्चच्या किंवा शाळेच्या अडगळीत पडलेले गवत कापायचे जुने यंत्र बाहेर निघते. कोणी तरी दोरीला पाच-पन्नास झटके देतो आणि शेवटी नुसती मूठ त्याच्या हातात येते.

हीच गत शेतातल्या यंत्रांचीही होते. वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर पाणी उपसणारा लहान पेट्रोल पंप, पाठीवरचा इंजिनाचा फवारणी पंप, बांधावरचे गवत कापणारा ब्रश कटर, उसाच्या सरीत चालणारा लहान वीडर, ह्या सर्वांना दोरीचाच स्टार्टर असतो. ऐन फवारणीच्या दिवशी दोरी तुटली, तर तो दिवस वाया जातो आणि कीड काही आपल्यासाठी थांबत नाही. पुष्कळदा दुकानदार संपूर्ण स्टार्टरच बदलायला सांगतो, किंवा घरचेच लोक यंत्र भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात. वास्तविक बहुतेक वेळा बिघडलेली असते ती फक्त दीड-दोन मीटर दोरी. हे काम घरी तासाभरात होते. मात्र त्यात दोन धोके आहेत, एक स्प्रिंगचा आणि दुसरा इंजिनाच्या धुराचा. ते नीट समजून घेतल्याशिवाय कोणी हात घालू नये, म्हणूनच आम्ही हा विषय ह्या पानावर घेतला आहे.

यंत्रे आपल्याला नवी नाहीत

गवत कापायचे यंत्र मूळचे इंग्लंडचे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीत कापडावरची लव कापणारे यंत्र पाहिले आणि त्यावरून हिरवळ कापण्याचे यंत्र बनवून १८३० साली त्याचे पेटंट घेतले. ते यंत्र माणसाने ढकलायचे होते, इंजिन पुढे आले. आपल्या बेळगावचाही यंत्रांशी संबंध जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तेथेच त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे बनवली, पुढे लोखंडी नांगर हाती घेतला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांची सुरुवात दुकानातल्या हत्यारांनी आणि जे मोडले ते उघडून पाहण्याच्या सवयीने झाली. ती सवय आपणही सोडू नये.

स्टार्टर कसा चालतो

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला हॅन्डल मारावे लागते, हे आपण जाणतो. लहान पेट्रोल इंजिनात तेच काम दोरी करते. इंजिनाच्या वर किंवा बाजूला पत्र्याचे अथवा प्लॅस्टिकचे एक झाकण असते. त्याच्या आत चार गोष्टी असतात.

पहिली, दोरी गुंडाळलेली पुली. दुसरी, पुलीखाली बसवलेली चपटी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी. तिचे बाहेरचे टोक झाकणात आणि आतले टोक पुलीत अडकवलेले असते. तिसरी, एक किंवा दोन खटके, ज्यांना गॅरेजवाले डॉग म्हणतात. चौथी, दोरी बाहेर येण्याचे गुळगुळीत भोक.

आपण दोरी ओढतो तेव्हा पुली फिरते आणि खटके बाहेर सरकून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील वाटीत अडकतात. त्यामुळे इंजिन फिरते. त्याच वेळी स्प्रिंग आवळली जाते. इंजिन सुरू झाले की ते पुलीपेक्षा वेगाने फिरू लागते, खटके आपोआप सुटतात, आणि आवळलेली स्प्रिंग दोरीला परत आत ओढून घेते. ओढण्याचे काम आपले आणि परत नेण्याचे काम स्प्रिंगचे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजते.

दोरी का तुटते

दोरी बदलण्यापूर्वी ती का तुटली हे पाहिले पाहिजे. नाही तर नवी दोरीही महिनाभरात तुटेल.

सर्वांत मोठे कारण म्हणजे इंजिन सुरूच होत नसताना दिलेले झटके. धड इंजिन तीन-चार झटक्यांत सुरू होते. होत नसेल तर दोष बहुधा पेट्रोलमध्ये किंवा प्लगमध्ये असतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसापासून झालेले असेल, ही आनंदाची गोष्ट खरी. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल पावसाळाभर टाकीत राहिले तर ते खराब होते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. म्हणून जुने पेट्रोल काढून टाकावे, ताजे भरावे, प्लग पुसून साफ करावा, हवेची जाळी झटकावी. हे न करता खांद्याचा जोर लावत राहिल्यास प्रथम दोरी जाते, मग स्प्रिंग आणि शेवटी खांदा.

दुसरे कारण म्हणजे दोरी बाहेर येण्याचे भोक. तेथे धार आली असेल तर दोरी करवतीने कापल्यासारखी झिजते. बोट फिरवून पाहावे, खरखर लागल्यास बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावे. तिसरे कारण दोरी तिरपी ओढण्याचे. दोरी भोकातून सरळ रेषेत बाहेर आली पाहिजे.

उघडण्यापूर्वी

प्रथम स्पार्क प्लगवरची टोपी काढून बाजूला करा. हे काम कितीही घाईत विसरू नका. टोपी लागलेली असताना पाते किंवा फ्लायव्हील हाताने फिरले, तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकते आणि तेवढ्यात बोटे जातात. इंजिन गार होऊ द्या. पेट्रोलची चावी बंद करा. गवत कापायचे यंत्र आडवे करावेच लागले तर प्लग आणि हवेची जाळी वरच्या बाजूला राहील असे करा, नाही तर तेल जाळीत आणि सिलिंडरमध्ये उतरते.

स्टार्टरचे झाकण तीन-चार बोल्टांवर असते. ते काढून झाकण उताणे ठेवा. कोणता बोल्ट कोठला हे लक्षात राहण्यासाठी ते एका वाटीत क्रमाने मांडा. मुलांना दूर बसवा. डोळ्यांवर गॉगल लावा, निदान साधा चष्मा तरी असू द्या.

येथे एक इशारा. पुली मधल्या स्क्रूने धरलेली असते. केवळ दोरी तुटली असेल तर तो स्क्रू काढू नका आणि पुली वर उचलू नका. पुलीखालची पोलादी पट्टी दबून बसलेली असते. पुली उचलताच ती सापासारखी उसळते, आणि तिच्या कडा विळ्याइतक्या धारदार असतात. डोळा आणि हाताचे तळवे ह्यांना त्यामुळे गंभीर जखमा होऊ शकतात. दोरी बदलण्यासाठी बहुतेक यंत्रांत पुली काढावी लागत नाही.

दोरी कोणती घ्यावी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर येथील शेती अवजारांच्या दुकानांत स्टार्टरची विणलेली नायलॉनची दोरी मिळते. तुटलेल्या दोरीचे दोन्ही तुकडे बरोबर न्या. जाडी आणि लांबी दोन्ही तीच हवी. गवत कापायच्या यंत्राला आणि पंपाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीची, तर फवारणी पंपाला आणि ब्रश कटरला ३ ते साडेतीन मिलिमीटरची दोरी लागते. जाड दोरी मजबूत असेल म्हणून घेतली तर ती पुलीत मावत नाही आणि अडकून बसते. लांबी जास्त झाली तरी तोच त्रास. दोन तुकडे जोडून लांबी मोजा आणि गाठींसाठी वीतभर जास्त धरा.

सुतळी, काथ्या किंवा कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी वापरू नका. ती ताणली जाते, इंजिनाच्या उष्णतेने खराब होते आणि ऐन वेळी तुटून माणूस मागे आपटतो.

नव्या दोरीची दोन्ही टोके काडीच्या ज्योतीवर वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत. वितळलेले टोक बोटांनी दाबू नका. ते कातडीला चिकटते आणि खोल भाजते. ओल्या फडक्याने दाबा. हे काम पेट्रोलच्या टाकीपासून दूर करावे, हे सांगायला नकोच.

दोरी बसवण्याची रीत

१. आत अडकलेला जुना तुकडा पक्कडीने काढा. आतली धूळ आणि गवत कोरड्या ब्रशने साफ करा.

२. दोरी ओढली असता पुली ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने ती हाताने सावकाश फिरवत जा. स्प्रिंग आवळत जाईल. फिरणे थांबेपर्यंत फिरवा, पण थांबल्यावर जोर करू नका.

३. आता पुली हळूच थोडी मागे येऊ द्या, फार तर एक फेरा. पुलीवरचे दोरीचे भोक आणि झाकणाचे भोक समोरासमोर आले की थांबा.

४. पुली त्या जागी अडकवून ठेवा. मजबूत खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर पुलीच्या आऱ्यांतून घालून झाकणाला टेकवला तरी चालते. जवळ दुसरा माणूस असल्यास त्याने पुली अंगठ्यांनी दाबून धरावी. पुली निसटली तर स्प्रिंग एका क्षणात सुटते आणि बोटांवर आपटते.

५. दोरी बाहेरून झाकणाच्या भोकातून आत घालून पुलीच्या भोकातून बाहेर काढा. टोकाला घट्ट गाठ मारा आणि ती पुलीच्या खोबणीत बसेपर्यंत ओढा. गाठ वर राहिली तर ती झाकणाला घासते.

६. दोरीचे दुसरे टोक मुठीतून घालून तेथेही गाठ मारा.

७. दोरी हातात ताणून धरा, खिळा काढा, आणि दोरी सावकाश आत जाऊ द्या. एकदम सोडू नका.

काही पंपांची रचना वेगळी असते आणि पुलीच्या कडेला एक खाच दिसते. अशा वेळी आधी दोरीची गाठ पुलीत बसवावी. मग दोरी ओढण्याच्या उलट दिशेने पुलीवर गुंडाळावी आणि शेवटची फूटभर दोरी खाचेतून बाहेर ठेवावी. दोरी खाचेत धरून पुली ओढण्याच्या दिशेने दोन-तीन फेरे फिरवली की स्प्रिंगला ताण येतो. पुली तशीच धरून दोरी झाकणाच्या भोकातून बाहेर काढावी आणि मूठ बांधावी.

झाकण बसवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. मूठ आपल्या जागी घट्ट येऊन बसते का? लोंबकळत असेल तर ताण कमी आहे, एक फेरा वाढवा. दोरी पूर्ण बाहेर काढल्यावर पुली हाताने आणखी अर्धा फेरा फिरते का? फिरत नसेल तर ताण जास्त आहे, एक फेरा कमी करा. नाही तर पहिल्याच जोराच्या झटक्याला स्प्रिंग तुटेल.

दोरी धड आहे, पण काम होत नाही

दोरी बाहेर येते आणि परत जात नाही, तर स्प्रिंग सैल झाली आहे, टोक निसटले आहे, किंवा आत माती व वाळलेले ग्रीस साचले आहे. साफसफाईने भागले तर उत्तम. स्प्रिंग तुटली असेल तर ती बदलण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि गावोगावच्या गॅरेजांत असे हात आहेत.

दोरी सहज ओढली जाते पण इंजिन फिरत नाही, तर खटके चिकटले किंवा झिजले आहेत. ते फडक्याने पुसून मोकळे करा. त्यांना ग्रीस चोपडू नका, धूळ बसून ते पुन्हा चिकटतात.

दोरी मुळीच ओढली जात नाही, तर जोर लावू नका. झाकण काढून पाहा. पुली मोकळी फिरत असेल तर अडथळा इंजिनात आहे. पात्यात गवत, तार किंवा जुन्या पुष्पचक्राची दोरी गुंतली असेल. तसे नसेल तर प्लग काढून, तोंड बाजूला ठेवून, इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये उतरलेले तेल किंवा पेट्रोल बाहेर पडेल. तरीही फिरले नाही तर इंजिन जाम झाले आहे, ते कारागिराचे काम.

दोरी उलट झटका देऊन मूठ हातातून हिसकावत असेल, तर हे लक्षण गंभीर समजावे. कबरीच्या दगडी कडेवर किंवा खडकावर पाते आपटले, की फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी चावी अर्धवट कापली जाते. मग ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि इंजिन उलटे फिरू पाहते. पाते सैल असले तरी असा झटका बसतो. असे यंत्र तसेच ओढत राहिल्यास मनगट मुरगळते, क्वचित हाडही मोडते. आधी दुरुस्ती, मग काम.

दोरी ओढण्याची पद्धत

यंत्र सपाट जागी ठेवा. दोरी प्रथम सावकाश ओढा. काही अंतरावर ती जड लागते, तेथे इंजिनात दाब येतो. तेथून मूठ परत जाऊ द्या आणि मग एक चपळ, सरळ झटका द्या. दोरी शेवटच्या टोकापर्यंत ताणू नका. मूठ हातातून सोडून देऊ नका, हातानेच परत न्या. जोर एकट्या खांद्याचा नको, पाय रोवून सर्व अंगाचा असावा.

दोरी हाताला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नका. जुन्या इंजिनांत सुटी दोरी चाकाच्या खाचेत अडकवून ओढण्याची पद्धत होती, आणि काही शेतांवर ती अजून आहे. तेथे तर विशेष सांभाळा. हृदयाचा विकार असलेल्यांनी, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही.

धूर दिसत नाही, पण मारतो

दुरुस्त झालेले इंजिन आपण चालवून पाहतो. ते उघड्यावरच चालवा. बंद खोलीत, गोठ्यात किंवा तंबाखूच्या वखारीत नको. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. त्यानंतर माणूस कोसळतो.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही जण इंजिन विहिरीत उतरवतात. ह्यासारखी घातक गोष्ट नाही. इंजिन बंद केल्यावरही हा वायू विहिरीत रेंगाळतो. कंदील सोडून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणजे हवा शुद्ध, असे पुष्कळ लोक मानतात. ते खरे नव्हे. कंदील पेटता राहील एवढा प्राणवायू असतानाही माणसाला मारण्याइतका कार्बन मोनॉक्साईड तेथे असू शकतो. एक जण खाली पडला की दुसरा भाऊ उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातले दोन-तीन जीव जातात. कोणी पडले तर खाली उतरू नका. ताबडतोब ११२ आणि १०८ ला फोन करा आणि अग्निशमन दलाची मदत मागा. माणूस उघड्यावर असेल, तर त्याला मोकळ्या हवेत न्या आणि दवाखान्यात पोहोचवा, बरे वाटले तरीही.

हाताला काम, वस्तूला आयुष्य

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीबद्दल जगाला सावध केले. आपल्या वाडवडिलांना हे वेगळे सांगावे लागले नाही. नांगराचा फाळ ते शेवटून शेवटून वापरत आणि मोटेची कातडी पुन्हा पुन्हा शिवत. संत योसेफही हाताने काम करणारा कारागीर होता. एक दोरी बदलून यंत्र आणखी काही वर्षे चालले, तर पैसा वाचतो, आणि घरातल्या तरुण मुलामुलींच्या हाताला एक विद्या येते. धर्मग्रामातील दोन-तीन जाणत्यांनी ऑक्टोबरमधल्या एखाद्या शनिवारी तरुणांना बरोबर घेऊन कबरस्तानाचे यंत्र दुरुस्त करावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या माणसांच्या कबरीभोवतालचे गवत आपल्याच हातांनी साफ झाले, तर ती सेवा मोलाची.

थोडक्यात लक्षात ठेवा

प्लगची टोपी आधी काढा. केवळ दोरीसाठी पुली उचलू नका. दोरी त्याच जाडीची, त्याच लांबीची घ्या. पाच झटक्यांत इंजिन सुरू झाले नाही तर पेट्रोल व प्लग पाहा. उलटा झटका बसला तर काम थांबवा. चालते इंजिन विहिरीत किंवा बंद जागेत कधीही नेऊ नका. काम संपले, की टाकीतले पेट्रोल काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दोरीवर रागवण्याची वेळ येणार नाही.